सहा फुटांच्या आत

धर्मराजच्या झूम लेन्सवर जे नाव होतं ते निपाणीत फारसं कुणाला वाचता यायचं नाही, आणि बेळगावात ज्यांना वाचता यायचं त्यांनी ते कधी ऐकलेलं नव्हतं. बेळगावच्या खडेबाजारातल्या कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानं ती विकताना आडपडदा ठेवला नव्हता. माल जपानचा एवढं खरं, म्हणाला, पण कुणाच्या कारखान्यातला ते विचारू नकोस. नावाजलेल्या कंपनीची हवी असेल तर तुझा स्टुडिओ विकावा लागेल, मग लेन्स लावायला कॅमेरा उरायचा नाही. १९८२ साल होतं. धर्मराजनं ती जुनी, बिननावाजलेली लेन्स टॉवेलात गुंडाळली आणि संध्याकाळच्या एसटीनं निपाणीला आणली.

लेन्सला खोडी फार. पुढचं कडं स्वतःकडं ओढलं की लांबचा माणूस जवळ यायचा, पुढं ढकललं की लांब जायचा. पण कॅमेरा जरा खाली झुकवला की ते कडं आपल्याच वजनानं सरकायचं आणि जवळ आलेला माणूस परत निघून जायचा. धर्मराजनं सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी कापून तिच्यावर ताणून बसवली, तेव्हा ती जरा वठणीवर आली. समोर खिडकी असली की सगळा फोटो पिठूळ यायचा. पार लांबचं ओढलं की चेहरे किंचित मऊ पडायचे. ह्या खोडीबद्दल मात्र कुणाची तक्रार नव्हती. देवीचे वण, सुरकुत्या, सगळं त्यात विरघळून जायचं, आणि बायका म्हणायच्या की फोटो काढावा तर धर्मराजनंच.

आणखी एक खोड होती. सहा फुटांच्या आत ती काही धरायचीच नाही. माणूस त्याहून जवळ आला की नुसता ढग दिसायचा. दुसऱ्या कुणी हा दोष म्हणून लेन्स परत केली असती. धर्मराज त्या दोषावरच जेवत होता.

त्याचं असं झालं होतं. लेन्स घ्यायच्या आदल्या वर्षी तंबाखूचे व्यापारी मारुतीराव यांच्या घरी पूजा होती. नवं सिमेंटचं घर, पुढं व्हरांडा, मग हॉल, आणि हॉलच्या आत देवघराची खोली. तेव्हा धर्मराजकडं साधी लेन्स होती, तिला जवळ जावं लागायचं. तो कॅमेरा डोळ्याला लावून देवघराच्या खोलीत दोन पावलं गेला असेल नसेल, मारुतीरावांची आई नागुबाई अगदी मऊ आवाजात म्हणाली, तिथनंच काढ की रं पोरा, आत अडचण हाय. खोली एवढी मोठी की पंगत उठवता आली असती. धर्मराज मागं सरला. थोड्या वेळानं व्हरांड्यात पिशवी आवरताना त्याला दारातून दिसलं, की घरातली एक बाई बादली घेऊन तो उभा होता तेवढीच फरशी पुसून काढते आहे. कुणी वाकडं बोललं नाही. कुणी बोलायचा प्रश्नच नव्हता, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. चहा तर त्याला चांगला कपबशीत दिला.

फोटो आले तेव्हा त्यात पूजेला बसलेलं जोडपं काडेपेटीएवढं होतं. मारुतीरावांनी ते डोळ्यांजवळ धरून म्हटलं, अरे, माणसं कोण ते तरी कळू दे. आता ह्याला काय सांगायचं? तुमच्या आईनं आत घेतलं नाही म्हणून, असं? धर्मराजनं पुढच्या वर्षी ती झूम घेतली. धंद्यासाठी घेतली, असं तो स्वतःला सांगत राहिला.

झूम घेऊन तो मारुतीरावांच्या घरी पहिल्यांदा गेला तो थोरल्या मुलाच्या लग्नाच्या कामाला. देवघराच्या खोलीच्या दारात उभा राहिला, हात हलू नये म्हणून चौकटीला खांदा टेकवला, आणि कुणी काही म्हणायच्या आत आपणच बोलून मोकळा झाला.

"अण्णा, ह्या लेन्सला सहा फुटांच्या आत दिसत न्हाय. मला भाईरच ऱ्हावं लागतंय."

मारुतीरावांचा चेहरा असा सैल झाला, जसा चपलेतला खडा निघाल्यावर होतो. नागुबाईनं तर कौतुकानं मान डोलावली. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त हलकं वाटलं ते धर्मराजलाच. आज कुणी थांबवणार नाही, आज बादली निघणार नाही. त्या हलकं वाटण्याची त्याला घरी जाताना लाज वाटत राहिली.

पण बोलबाला झाला. मारुतीराव ज्याला त्याला सांगत सुटले की फोटोग्राफर असावा तर असा, पायात पायात करत नाही, त्याच्या यंत्रालाच लांबून लागतं. बड्या घरांतून बोलावणी यायला लागली. कोण कुठला, काय जातीचा, हे विचारायची वेळच कुणावर यायची नाही. धर्मराज दाराशी उभा राहायचा, सहा फुटांचं सांगायचा, आणि घरातल्यांचा जीव भांड्यात पडायचा. दोन लग्नसराया गेल्या. किती चौकटींना त्यानं खांदा टेकवला असेल त्याला गणती नाही.

एवढंच असतं तर त्यानं ते गिळलं असतं. पोटासाठी माणूस बरंच काही गिळतो. पण घरात आप्पा होता.

आप्पा म्हणजे त्याचा बाप, भीमाप्पा. सगळी उमेद मारुतीरावांच्या वखारीत तंबाखूची जड बोदं पाठीवर वाहण्यात गेली. तंबाखूच्या धुळीच्या खकाण्यानं छाती भरली, तेव्हा घरी बसला. मारुतीरावांच्या घरी तो हजारदा गेला असेल, पण अंगणापर्यंत. पाणी मागितलं की वरून ओंजळीत ओतायचे, तेही लांबून, अंगावर सांडायचं. बाबासाहेबांचा फोटो घरात लावला त्या दिवसापासून त्यानं त्या अंगणातलं पाणी मागणं सोडलं. तहानलेला राहायचा आणि वस्तीत येऊन तांब्याभर प्यायचा.

तर मारुतीरावांच्या मुलाच्या त्या लग्नाचे फोटो धुऊन झाले, वाळत घातले, आणि आप्पा ते बघायला आला. एका फोटोत देवापुढं बसलेली नागुबाई होती, इतकी जवळ की नथीतला मोती न् मोती मोजून घ्यावा. आप्पा बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "एवढ्या जवळ गेलतास म्हातारीच्या?"

झूम म्हणजे काय, ते समजवायला दोन वाक्यं पुरली असती. धर्मराजनं बापाच्या तोंडाकडं बघितलं. असं तोंड त्यानं आप्पाचं कधी बघितलं नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला.

झालं. आप्पानं तो फोटो मागून घेतला. मग पुढचेही मागून घेऊ लागला. कुणाचं देवघर, कुणाची हळद, कुणाच्या माजघरातल्या बायका, सगळे हाताच्या अंतरावर. ते फोटो घेऊन तो वस्तीच्या तोंडाशी मष्णूच्या हॉटेलात बसायचा आणि दाखवायचा. बघा, म्हणायचा, मी ह्या घराच्या पायरीवर पाय ठेवला न्हाय, माझं पोरगं देवापतूर जातंय. मष्णू चहा गाळता गाळता वाकून बघायचा. भीमाप्पा खोटं बोलणारा माणूस नव्हता, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यामुळं सगळ्यांनी ते खरं धरलं. धर्मराज मात्र हॉटेलावरून जायचं टाळायला लागला. कुणी पाठीवर थाप मारली की तो ओशाळायचा, आणि लोकांना वाटायचं की पोरगं विनयशील आहे.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मारुतीरावांच्या थोरल्या सुनेला मुलगा झाला. बारशाला धर्मराजला बोलावणं आलं, आणि आप्पा हट्टाला पेटला की मी पण येणार. धर्मराजनं ऊन सांगितलं, धाप सांगितली, तिथं गर्दी फार असेल म्हणून सांगितलं.

"मी कडंला उभा ऱ्हाईन रं," आप्पा म्हणाला. "तुला आत जाताना एकदा डोळ्यानं बघायचंय. एवढंच."

सकाळी आप्पानं ठेवणीतलं धोतर नेसलं, पांढरी टोपी घातली, आणि मष्णूच्या हॉटेलासमोर थांबून चार माणसांना सांगितलं की पोराबरोबर मारुतीरावांच्या घरी चाललोय. कॅमेऱ्याची पिशवीही त्यानंच हट्टानं खांद्याला लावली.

धर्मराजनं मनात बेत केला होता. आप्पाला अंगणातल्या मांडवात बसवायचं. तिथून देवघराची खोली दिसत नाही. आपण हॉलमधून दाराशी जायचं, फोटो काढायचे, आणि बाहेर येऊन सांगायचं की झालं. आधी हॉलमध्ये पाहुण्यांचा एकत्र फोटो होता. एवढी माणसं झूममध्ये मावायची नाहीत, म्हणून तो साध्या लेन्सनं काढला. मग मांडवात येऊन त्यानं लेन्स बदलली. साधी काढून आप्पाच्या हातात दिली, आप्पानं ती धोतराच्या सोग्यानं उगाचच पुसली आणि जपून पिशवीत ठेवली. आता इथंच बस, असं बजावून धर्मराज आत गेला.

पाळणा देवघराच्या खोलीत बांधला होता. बायका दाटीनं बसल्या होत्या, नागुबाई पाळण्याच्या डोक्याशी. धर्मराज दाराशी आला, खांदा टेकवला, कडं ओढलं. पाळणा त्याच्या डोळ्याशी आला, बाळाची मूठ आली, झालरीची टाचणी आली. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. आणि मग बाळाची आई बोलली.

जयाबाई बेळगावच्या टिळकवाडीतल्या मास्तरांची मुलगी, तिथंच कॉलेज शिकलेली. तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तिला आपल्या पोराचा चांगला फोटो हवा होता, बस्स.

"अहो, तिकडून कशाला? आत या की. असं पाळण्याजवळ येऊन काढा."

खोलीतल्या बायका एकदम गप्प झाल्या. बांगडीही वाजली नाही. धर्मराजनं कॅमेरा खाली घेतला. नागुबाईच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघायला आता झूमची गरज नव्हती. मारुतीराव हॉलमध्ये पाहुण्यांशी बोलत होते, तेही बोलायचे थांबले. धर्मराजच्या तोंडून सवयीनं ते वाक्य निघून गेलं, की वहिनी, ह्या लेन्सला सहा फुटांच्या आत दिसत नाही.

"मग दुसरी लावा ना," जयाबाई म्हणाली. "आमच्या लग्नात टिळकवाडीला तुम्ही दुसरी लावून अगदी जवळून काढले होते. या, काही होत नाही. मी सांगते ना."

आता ती नुसती फोटोसाठी बोलत नव्हती. तिला आजेसासूचा, नागुबाईचा चेहरा दिसला होता, खोली का गप्प झाली ते उमजलं होतं, आणि तरीही ती बाळंतीण पोर मान वर करून त्याला बोलावत होती. एक पाऊल टाकायचं होतं. ती त्याच्या बाजूनं उभी होती, घर तिचं होतं, फार तर फरशी पुसली गेली असती.

धर्मराजला पुढच्या लग्नसराईतली घरं आठवली. मारुतीरावांचं तोंड कसं उतरेल ते दिसलं. आणि ह्या सगळ्याच्या खाली एक साधी भीती होती, लहानपणापासूनची, तिला काही कारण लागत नव्हतं.

"ती आज आणली न्हाय, वहिनी," तो म्हणाला.

खोलीनं श्वास सोडला. नागुबाई लगेच म्हणाली, असू दे, असू दे, तिथनं बी चांगलं काढतो त्यो. बांगड्या वाजायला लागल्या. जयाबाईनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पाळण्याकडं तोंड फिरवलं. तिला वाईट वाटलं होतं, की त्याची कीव आली होती, ते त्याला कळलं नाही. दोन्हींतलं कुठलंही असलं तरी मेल्याहून मेल्यासारखं व्हायला ते पुरेसं होतं.

तो कॅमेरा परत डोळ्याला लावणार, तेवढ्यात त्याला मागं कुणी असल्यासारखं वाटलं, म्हणून त्यानं वळून बघितलं. पोराला आत जाताना बघायला आप्पा मांडवातून हॉलमध्ये आला होता. भिंतीच्या कडेकडेनं, चपला बाहेर काढून, टोपी काखेत धरून. जयाबाईचं बोलणं त्यानं ऐकलं होतं, आणि पोराचं काम अडू नये म्हणून पिशवीतून साधी लेन्स काढून, दोन्ही हातांत धरून ती पुढं केली होती. धर्मराजचं उत्तर त्याच्या कानावर पडलं तेव्हा हात तसेच पुढं होते.

दोघांची नजरानजर झाली. आप्पानं हात मागं घेतले. लेन्स टोपीखाली झाकली, कुणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं पाहिलं, आणि आल्या पावली बाहेर गेला.

धर्मराजनं उरलेले फोटो काढले. खांदा चौकटीत घट्ट रुतवून काढले. जेवणाचा आग्रह झाला, पण आप्पाला बरं वाटत नाही म्हणून सांगून दोघं बाहेर पडले.

रस्त्याला ऊन मी म्हणत होतं. आप्पा पिशवी द्यायला तयार नव्हता. मग धर्मराजनंच बोलायला सुरुवात केली आणि सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. बादली सांगितली, पुसलेली फरशी सांगितली, काडेपेटीएवढं जोडपं सांगितलं, सहा फूट सांगितले. घरी ठेवलेले सगळे फोटो दारातून काढलेत, आपण एकदाही आत गेलो नाही, हेही सांगून टाकलं. आप्पा मान खाली घालून ऐकत होता, मधेच खोकत होता.

तंबाखूच्या वखारीची लांब भिंत लागली. तिच्या सावलीत आप्पा थांबला. त्याला धाप लागली होती, म्हणून तो तुटक तुटक बोलला.

"मला कुणी कधी ये म्हणालं न्हाय रं धर्मा. म्हणून मी भाईर. तुला तर म्हणाली."

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. धर्मराजला वाटलं, ह्यानं दोन शिव्या घालाव्यात, पिशवी फेकावी, थोबाडीत द्यावी. आप्पानं तसलं काही केलं नाही. श्वास बसल्यावर तो पुन्हा चालायला लागला, आणि धर्मराज चुकार जनावरासारखा त्याच्यामागून. आपण बापापेक्षा एक पाऊल पुढं गेलो नाही, उलट बाप जिथं नाइलाजानं थांबला तिथं आपण आपल्या पायानं थांबलो, हे त्याला त्या चालण्यात पुरतं कळलं, आणि त्याला मान वर करवेना.

वस्तीत जायला वाट एकच, मष्णूच्या हॉटेलावरून. सकाळची माणसं तिथंच होती, आणखी दोनचार जमली होती. मष्णूनं त्यांना लांबूनच बघून बाकडं पुसलं. आता टाळायला जागा नव्हती. आप्पा बाकड्यावर टेकला, पिशवी मांडीवर घेतली. धर्मराज खांबाला टेकून उभा राहिला. बाप आता सगळं सांगून टाकणार, हे त्यानं धरलंच होतं. सांगू दे, असंही त्याला वाटत होतं. एकदा सगळ्यांना कळलं की सुटलो.

"काय भीमाप्पा," मष्णूनं विचारलं, "बघितलं का पोराला आत जाताना?"

आप्पानं कपातला चहा बशीत ओतला.

"बघितलं की," तो म्हणाला. "थोरली सून सोता म्हणाली, आत या. सगळ्यांदेखत म्हणाली. म्हातारी बघत ऱ्हायली. ह्यो गेला सरळ पाळण्यापतूर."

बाकड्यावरची माणसं धर्मराजकडं बघायला लागली. आप्पा बघत नव्हता. तो बशीवर फुंकर घालत होता, आणि बशी हलत होती. जन्मात खोटं न बोललेला माणूस पहिल्यांदा खोटं बोलला होता, तेही भरल्या हॉटेलात, आणि त्याला ते नीट जमत नव्हतं.

"व्हय रं धर्मा?" मष्णूनं हसून विचारलं. "पाळण्यापतूर?"

खरं सांगितलं असतं तर इथं, ह्या माणसांसमोर, आप्पा खोटा पडला असता.

"व्हय," धर्मराज म्हणाला.

कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. मष्णूनं दुधाचा खास चहा करून त्याच्या हातात दिला आणि आज दोघांचेही पैसे घेणार नाही म्हणून सांगितलं. सगळे बघत होते, त्यामुळं धर्मराजला तो शेवटच्या घोटापर्यंत प्यावा लागला.